आजच्या सभेपुरतं जपान

सहकार खात्याचे साहेब, आरोप तुमच्यावर आहे! नाव घेत नाही, कारण खुर्चीतला माणूस बदलतो आणि खुर्ची तीच राहते. तुम्ही वर्षानुवर्षं एका झोपलेल्या माणसाच्या मानेवर अख्खी सहकारी संस्था चालू दिलीत. प्रत्येक ठरावाखाली अनुमोदक तोच. जमिनीचा ठराव, तोच. पाईप विकायचा ठराव, तोच. चेअरमनच्या गाडीला नवे टायर, तोच! तुम्हाला एकदाही वाटलं नाही की या माणसाला जन्मात एखादी तरी गोष्ट नापसंत असेल? बायकोच्या हातचं कालवणसुद्धा माणूस कधी तरी बाजूला सारतो! तर कसं कसं झालं ते आधी ऐका. उत्तर मग द्या.

त्या अनुमोदकाचं नाव राधाकिशन. सिरसाळ्याच्या अलीकडं, डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. राधाकिशन म्हणजे झोपेचं चालतंबोलतं गोदाम! ऊसतोडीला गेला तर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढता चढता झोपायचा. मोळी पडायची नाही, हे विशेष. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना उभ्या उभ्या घोरायला लागला. केसरबाईनं अंतरपाटाखालून पाय लांबवून त्याचा अंगठा रगडला, तेव्हा कुठं नवरदेवाला लग्न लागल्याचं कळलं.

लोक आळशी म्हणायचे. तो आळशी नव्हता. हात चालू असायचे, डोळे तेवढे मिटायचे.

आणि डोळे मिटले की स्वप्न. एकच स्वप्न. गुळाची मोठी काहील असते ना, तिच्यात तो मांडी घालून बसलेला. खाली सगळं पाणी. शिवार पाण्याखाली, बांध पाण्याखाली, बाभळीचे शेंडे तेवढे वर. पाण्याला आवाज नाही. काहील आपली आपण गोल गोल फिरत पुढं जायची आणि मागून त्याची म्हैस पोहत यायची, नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. हात बुडवला की मनगटापर्यंत गार. एकदा तर काहील वाहत वाहत पार पालीपर्यंत गेली आणि बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीवरून पिसासारखी खाली उतरली.

केसरबाई विचारायची, "मला कावून न्हाई नेत काहिलीत?"

"तू सैपाक करत व्हतीस."

"सपनात बी?"

तोवर राधाकिशन पुन्हा झोपलेला असायचा.

आता संस्था. नाव उपसा जलसिंचन सहकारी संस्था. उपसायला नदीत पाणी राहिलं नाही, तेव्हा मोटारी गेल्या, पाईप गेले, आणि मागं उरलं काय? एक पत्र्याचं ऑफिस, एक मोठं आवार, आवारात खोल बांधलेली विहीर आणि चेअरमन मोहनराव. यातलं विहिरीचं पाणी कमी होत गेलं, मोहनराव काही कमी झाले नाहीत.

सभेची रीत साधी. सचिव बिभीषण ठराव वाचायचा. "सूचक, चेअरमन. अनुमोदक?" असं म्हणून तो पहिल्या रांगेकडं बघायचा. पहिल्या रांगेत पंख्यासमोर राधाकिशन बसलेला. पेंगता पेंगता त्याची मान खाली यायची. "मंजूर!" बिभीषण लिहून मोकळा! पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा रीत पडली. पुढं पुढं सगळी सभा त्या मानेची वाट बघत थांबायची. मान लवकर पडली नाही तर मोहनराव हळूच म्हणायचे, "जरा पंखा करा रे त्याच्याकडं."

याच मानेवर मोहनराव दुष्काळाचा अभ्यास करायला जपानला जाऊन आले. आल्यावर अहवाल म्हणून ऑफिसात फोटो लावले. फोटोत मोहनराव धबधब्याखाली उभे.

मग तो उन्हाळा आला. आवारात जनावरांची चारा छावणी लागली. दावणीला चार-पाच गावांची जनावरं, जनावरांजवळ बायामाणसं, आणि सगळ्यांना पाणी त्या एका विहिरीचं. केसरबाईची म्हैस तिथंच होती. गाभण, दिवस भरत आलेले, त्यात मागचा पाय अधू. उठायला दोघांनी शेपटीखाली हात घालावा लागायचा.

अशात विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय एकच. विहीर मोहनरावांच्या साडूला भाड्यानं द्यायची. साडू पाणी बाटलीत भरून विकणार. छावणी उचलून घाटापल्याड न्यायची.

केसरबाईनं दावणीवरच नवऱ्याला गाठलं. "म्हैस घाटापल्याड चालत जाईल का?"

"न्हाई."

"मंग ह्या बारीला मान हालली तर बघा! तुमच्या मानेला कासरा बांधून वर आढ्याला आवळीन!"

"मी काय मुद्दाम हालवतो का गं?"

"तेच तर! मुद्दाम हालवली असती तर भांडता तरी आलं असतं!"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला एसटीत घातला आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेला. रांगेत तो झोपला. नंबर पुकारला तेव्हा पुढच्या-मागच्या दोन पेशंटांनी धरून आत आणला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसा झोप येते का हो?" उत्तर म्हणून राधाकिशन घोरला. बाईंनी पेन काढलं. मग तपासण्या झाल्या, आणखी खेटे झाले, आणि शेवटी बाई म्हणाल्या, "हा आजार आहे. आळस नाही."

केसरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत नवऱ्याकडं बघत राहिली. संसारभर त्याला काय काय म्हणून झालं होतं, ते सगळं बहुतेक तिला एकदम आठवलं असावं.

बाईंनी गोळी लिहून दिली. मोडाफिनिल. जागं ठेवणारी. "सकाळी एकच घ्यायची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि परदेशात जाणार असाल तर आधी चौकशी करा. एका देशात ही चिठ्ठीवर मिळते, दुसऱ्या देशात सोबत न्यायला परवानगी लागते, तर कुठं खिशात सापडली तरी तुरुंग."

राधाकिशन घाबरला. "कर्नाटकात चालती का?"

"कर्नाटक आपल्याच देशात आहे!"

"तिथं ऊस तोडाया जातो तवा तसं वाटत न्हाई, मॅडम."

गोळी घेतली आणि राधाकिशनला जन्मात पहिल्यांदा अख्खी दुपार दिसली. दुपार अशी असते होय! झाडाची सावली हळूहळू सरकते, कुत्रं तिच्याबरोबर सरकतं, कावळा चोच उघडी टाकून बसतो. रानावर वाफ थरथरत होती आणि तिच्या खाली काही तरी चकाकत होतं.

"केसर, ते पाणी कोनाचं?"

"ते पाणी न्हाई. ऊन हाय ते."

तो बघत राहिला. डोळे उघडे होते आणि तरी काहिलीत बसल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात त्याला आणखी एक गोष्ट दिसली. विहिरीपासून साडूच्या प्लॉटापर्यंत चारी खोदून झाली होती. पाईपसुद्धा येऊन पडला होता! सभा व्हायची होती, पण मान पडणार हे धरूनच चाललं होतं. जागेपणी पहिल्यांदाच त्याच्या पोटात राग पेटला. आणि राग आलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. हॉटेलात जाऊन बसला आणि फुशारकी मारली!

"बिभीषण, ऐक! ह्या सभेला मी जागा ऱ्हानार! टक्क जागा!" असं म्हणून त्यानं खिशातली गोळ्यांची पट्टी काढून चहाच्या बशीत ठेवली. "ही बघ!"

झालं! बिभीषणच्या तोंडात गोष्ट पडली म्हणजे रांजण फुटला. हॉटेलात जी गोळी होती ती पिठाच्या गिरणीत इंजेक्शन झाली. पारावर तिची पुडी झाली आणि पुडीमागं पोलीस लागले. छावणीत पोचेपर्यंत एक म्हातारी डोळे पुसत केसरबाईला विचारायला लागली, "बाई, धनी सुटले का गं तुझे?"

"कुठून?"

"जेलातून!"

"आगं, ते तिकडं शेण भरायलेत!"

सभेचा दिवस उजाडला. आवारात मांडव, मांडवात सतरंजी, पहिल्या रांगेत राधाकिशन. कडेला दावणीजवळ केसरबाई आणि छावणीतल्या बाया. बिभीषणनं ठराव वाचला. "सूचक, चेअरमन. अनुमोदक?"

सगळी सभा मानेकडं बघू लागली. मान ताठ.

"पंखा," मोहनराव हळूच म्हणाले.

पंखा वळवला. मान ताठ.

"आरं, वाढवा!"

पंखा एवढा वाढवला की राधाकिशनची टोपी उडून मागच्या रांगेत गेली. मान तशीच, देवळापुढच्या दीपमाळेसारखी! आणि मग तिच्या वरच्या तोंडातून आवाज आला.

"नामंजूर!"

बिभीषणचं पेन हवेत थांबलं. "आण्णा, हे कुठं लिहायचं असतं?"

मोहनराव उठून उभे राहिले. "बे राधाकिशन! तू जागा कसा?"

साहेब, हा प्रश्न नीट ऐका. विहीर साडूला का द्यायची, हे कुणी विचारलं नाही. सभासद सभेत जागा कसा, याची चौकशी सुरू झाली!

"गोळी खाल्लीय त्यानं!" बिभीषण ओरडला. "मी सोता बघितली. जागरनाची!"

"म्हंजे नशा!" मोहनरावांनी टेबलावर हात आपटला. "नशेत केलेला विरोध चालत न्हाई. जपानात अशा औषधाला परवानगी काढावी लागती. म्या सोता इमानतळावर पाटी वाचलीय."

"आण्णा, जपानी पाटी तुमी वाचली?" मागून कुणी तरी विचारलं.

"चित्र व्हतं!"

आता गहिनीनाथ उठला. तो दुबईला क्रेन चालवून आला होता आणि ते सांगायची संधी त्यानं कधी वाया घालवली नव्हती. "दुबईत तर इचारूच नका. आपल्या हिकडची साधी गोळी, पर कागद न्हाई, मंजुरी न्हाई, तर सरळ आत! माझ्या खोलीवरच्या मानसाची दाताची गोळी पकडलती. दात तिथंच पडला त्याचा, जेलात!"

बबनरावांना हे सहन झालं नाही. त्यांचा पोरगा रशियात डॉक्टरी शिकत होता. "दुबईचं काय सांगतोस? थांब, पोराला लावतो." त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "बाळा, आपला राधाकिशन हाय ना, त्यो जागा हाय! ती गोळी तिकडं चालती का?"

फोनमधून पोरगा म्हणाला, "बाबा, इथं बंदी आहे तिच्यावर. सापडली तर लई अवघड."

"ऐका!" बबनराव छाती काढून म्हणाले, जणू तो कायदा त्यांनीच केला होता. "रशियात बंदी!"

"पण बाबा, अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळती. जर्मनीत आधी लई कडक होतं, मग ढिलं केलं."

"कावून ढिलं केलं?" मोहनराव फोनवर ओरडले.

"ते मला काय माहीत, आण्णा! इथं माझी परीक्षा चाललीय!"

सभा तापली. एक गोळी आणि एवढे कायदे! गोळी तीच, तिचा रंग तोच, पण सीमा ओलांडली की औषधाचा गुन्हा होतो आणि आणखी एक सीमा ओलांडली की गुन्ह्याचं पुन्हा औषध! म्हातारे डोळे मिटून विचार करायला लागले. जग किती मोठं आहे आणि त्यात आपला राधाकिशन केवढा गुन्हेगार ठरू शकतो, याचं त्यांना नवल वाटलं.

तेव्हा मोहनरावांच्या डोक्यात कल्पना चमकली. "उपठराव लिही, बिभीषण. आजच्या सभेपुरती संस्थेची हद्द जपानात समजण्यात यावी! म्हंजे ह्याचा इरोध बाद."

"जपान कावून?" बबनराव खवळले. "रशिया धरा! पोराची फी मी रशियात भरतो, जपानात न्हाई!"

"दुबई जवळ पडंल," गहिनीनाथ म्हणाला.

आरडाओरडा झाला. शेवटी चेअरमनचा आवाज मोठा म्हणून जपान पास झालं. बिभीषणनं लिहून घेतलं. मांडवाच्या बाहेर फुफाटा उडत होता, एक गाढव विजेच्या खांबाला अंग घासत होतं, आणि आपण जपानात आलो आहोत हे जो तो मनात पटवून घेत होता.

केसरबाई पदर खोचून पुढं आली. "आण्णा, आता आपुन जपानात का?"

"व्हय. सभेपुरतं."

"मंग ही हीर जपानातली?"

"आं... व्हय."

"मंग तुमच्या साडूला जपानातली हीर कशी देता? त्यास्नी पासपोर्ट हाय का?"

बायांनी असा गिल्ला केला की दावणीची जनावरं उठून उभी राहिली. राधाकिशनची म्हैससुद्धा अर्धी उठली. साडू पहिल्या रांगेतून मोहनरावांकडं बघायला लागले. त्यांच्याकडं पासपोर्ट नव्हता. ते परळीच्या पुढं गेलेले नव्हते.

"बिभीषण, ठराव मागं घे! परत भारतात आण आपल्याला!"

"त्याला अनुमोदक लागंल, आण्णा."

राधाकिशन उठला. जन्मात पहिल्यांदा त्यानं पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या तोंडानं अनुमोदन दिलं, "परत यायला माझी खुशीनं मंजुरी हाय!"

आता मोहनरावांनी शेवटचा डाव टाकला. "आधी पंगत! ठराव नंतर." गोळी किती का कडक असेना, जिलेबीपुढं टिकणार नाही, असा त्यांचा हिशेब. वाढप्यांना डोळा घातला. राधाकिशनच्या पानात मसालेभाताचा डोंगर, वर तूप, बाजूला जिलेबीची चवड. "घे बे, लाजू नको! तू तर आपला जुना सभासद!" आणि त्याला लाज वाटू नये म्हणून मोहनरावांनी स्वतःही तेवढंच ओढलं. त्यांना बघून साडूनं. साडूला बघून बबनरावांनी. फुकटच्या जिलेबीला कोण नाही म्हणतो!

ऊन मांडवावर आलं. कापड फुगायचं, बसायचं, पुन्हा फुगायचं, जणू कुणी झोपेत श्वास घेतंय. पंखा गरम हवा ढकलत होता. मोहनराव खुर्चीत बसले, ठराव पुन्हा वाचायला सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. गहिनीनाथची हनुवटी छातीला टेकली. बबनरावांच्या हातातला फोन "हॅलो बाबा, हॅलो" करत सतरंजीवर कलंडला. बिभीषणच्या हातात पेन होतं, पण डोळे अर्धे.

सभासदांत जागा एकटा राधाकिशन.

तो उभा राहिला आणि बघत राहिला. पटके, टोप्या, टकलं, सगळी डोकी हळूहळू डोलत होती. वाऱ्यावर ज्वारीची कणसं डोलावीत तशी. पिवळ्या कापडातून येणारा उजेड त्यांच्यावर पाण्यासारखा हलत होता. कुठलाही आवाज नाही. त्याला वाटलं, हे सगळे आता आपापल्या काहिलीत बसलेत आणि लांब लांब चाललेत. कुणाला हाक मारू नये, असं त्याला खरोखर वाटलं. मग दावणीवर त्याची म्हैस हंबरली.

राधाकिशननं घसा साफ केला. "ठराव. हीर छावणीलाच ऱ्हावी. जनावरं हितंच ऱ्हावी. सूचक, राधाकिशन. अनुमोदक?"

मोहनरावांची मान डुलली, थांबली, आणि खाली आली.

बिभीषणचा हात सवयीनं चालला. "अनुमोदक, चेअरमन. मंजूर!"

बायांनी टाळ्या पिटल्या. मोहनराव दचकून उठले, आणि टाळ्या आपल्यालाच म्हणून हात जोडत म्हणाले, "मंजूर, मंजूर! सगळं मंजूर!"

त्या संध्याकाळी साडूचा पाईप माणसांनी उचलून बांधावर टाकला आणि बायांनी चारी बुजवली. बिभीषणनं सभेत घडलं ते सगळं, कुणाची मान कशी पडली त्यासकट, इमानदारीनं लिहून तुमच्याकडं धाडलं. त्याला वाटलं, पहिल्यांदाच खरं लिहिलंय तर शाबासकी मिळेल!

आणि साहेब, तुम्ही काय केलंत? ठराव फेटाळलात! खाली लिहिलंत, "अनुमोदक अनुमोदनाच्या वेळी झोपेत असल्याने व सूचक उत्तेजक औषधाच्या अमलाखाली असल्याने ठराव अवैध." म्हणजे झोपलेला चेअरमन चालत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनं जागा झालेला राधाकिशनही चालत नाही! मग तो झोपलेला होता तेव्हा कसा चालला हो? पाईप गेले तेव्हा तो झोपलेला होता. मोटारी गेल्या तेव्हा झोपलेला होता. जपानच्या विमानाचं तिकीट त्याच्याच पेंगेवर मिळालं! तेव्हा तुमचा शिक्का कुठल्या देशात गेला होता? तिथं झोप कायदेशीर असते का? त्या देशाचं नाव तरी कळवा, आम्हीही जाऊन बघतो.

राधाकिशन आता दिवसा जागा असतो. काहील येत नाही म्हणतो. कधी दुपारी रानावरच्या चकाकीकडं बघत उभा राहतो आणि मग स्वतःच हसून कामाला लागतो. त्याची तक्रार नाही. माझी आहे.

छावणीचा ठराव रद्द म्हणजे विहीर आपलीच, असा तुमच्या कागदाचा अर्थ लावून काल साडूचा माणूस येऊन विहिरीवर उभा राहिलाय. पाणी शेंदायचं नाही म्हणतो. इकडं म्हैस सकाळपासून कळा देतेय. तिची जीभ कोरडी पडलीय. केसरबाई विहिरीच्या काठावर बादली घेऊन उभी आहे, दोराचं टोक तिच्या हातात आहे. पुढच्या सभेची तारीख नको, चौकशी समिती नको, अभ्यासदौरा तर नकोच नको.

बोला साहेब. दोर खाली सोडायचा का नाही?